माझ्यावर राहिलेले दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. आता मला पांढरा म्हणणं हा तुमचा मोठेपणा. कडा पिवळ्या पडल्यात, एक कोपरा उडालाय आणि उजव्या अंगावर ओरखडे आहेत. ओरखड्यांचं पुढे सांगतो, कारण तो राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म कळंबोलीच्या एका शेडमधला. पहिली नोकरी रोडपालीच्या एका क्लासमध्ये लागली. वर्षभर माझ्यावर गणितं आणि निकाल लागला की पहिल्या आलेल्यांची नावं. बाकीच्यांची नावं माझ्यावर कधी आली नाहीत, आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे क्लासवाल्यांनी भिंतीवर मोठा स्क्रीन लावला आणि मला जिन्याखाली टाकलं. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून काढली.

तिथून मला शशिकलाबाईंनी आणलं. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. पनवेलला तळ्याजवळच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी त्या लेखनाचा वर्ग घेतात. कॉलेजातल्या मुलींपासून पेन्शनरांपर्यंत सगळे येतात. एखादं पुस्तक घ्यायचं, लेखकाचा मुद्दा माझ्यावर लिहायचा आणि मग त्याच्याशी कागदावर भांडायचं, ही बाईंची रीत. "त्याचं म्हणणं आधी त्यालाही पटेल असं मांडा," बाई म्हणतात, "मग काय भांडायचं ते भांडा." मुद्दा न मांडताच जो तावातावाने उठतो, त्याला त्या सरळ खाली बसवतात.

यंदाचं पुस्तक यशाबद्दल होतं. तिसऱ्या प्रकरणाचं सार लिहायला बाईंनी कुबराला उठवलं. कुबरा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, बोलायला कमी, अक्षर मोत्यासारखं. तिने पेनांच्या डब्यात न बघता हात घातला आणि नेमकं बाईंचं बरण्यांवर नावं घालायचं पक्क्या शाईचं पेन उचललं. टपोऱ्या अक्षरांत तिने लिहिलं, 'माणसाचे कष्ट जेवढे, तेवढंच त्याला यश मिळतं.'

वर्ग संपला तरी वाक्य काही पुसेना. बँकेतले सत्यजीत मोठ्या उत्साहाने भांडी घासायची तारेची घासणी घेऊन आले. शाई जागची हलली नाही, माझी कातडी मात्र निघाली. मित्रांनो, मदत करायला निघालेल्या माणसाची मला तेव्हापासून जरा धास्तीच वाटते.

पुढच्या शनिवारी कुबराचे वडील यासीनभाई आले. ते अठरा वर्षं मस्कतला एसी दुरुस्त करत होते, आता इथे बाजारात त्यांचं तेच काम आहे. "मुलीने तुमची वस्तू खराब केली बाई, मी नवीन फळा आणून देतो," ते म्हणाले. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. जाता जाता यासीनभाईंनी माझ्यावरचं वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"बराबर हाय, बेटा," ते हसून म्हणाले, "माझीच मेहनत कमी पडली."

आणि गेले. कुबरा माझ्या अगदी जवळ उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला, आणि त्या वाक्याचं ओझं मला पहिल्यांदा जाणवलं. त्या दिवशी तिने एक ओळही लिहिली नाही. "बाई, पुढच्या वेळेपासून मी येत नाही," ती म्हणाली.

"नको येऊस हवं तर," बाई म्हणाल्या. "पण अब्बांना उत्तर द्यायचं राहिलंय. ते कोण देणार?"

पुढच्या शनिवारी कुबरा आली, हातात चार कागद आणि मागे संकोचलेले अब्बा. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. कुबराने आधी लेखकाची बाजू मांडली, एकही उदाहरण न गाळता. आळशाला काही मिळत नाही, हे तिला पटलंही होतं. मग ती वाचू लागली.

"या पुस्तकात माझे चाचा सापडतील. ते इंजिनिअर झाले, मोठ्या हुद्द्यावर आहेत. अब्बा सापडणार नाहीत. अब्बा मस्कतच्या गच्च्यांवर उन्हात उभे राहिले, म्हणून चाचांचं कॉलेज झालं, फुफूंची, म्हणजे माझ्या आत्यांची, लग्नं झाली, मी शिकले. अब्बांची मेहनत कमी पडली नाही. ती आमच्या सगळ्यांच्या घरांत वाटली गेली. लेखकाने एकेक माणूस बघितला, त्याच्यामागचं घर बघितलंच नाही."

यासीनभाई आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "एवढं सगळं कशाला लिहिलंस गं," ते म्हणाले.

मग बाईंनी शाई घालवायचा उपाय सांगितला. स्टेशनरीवाल्या शैलेशने तो त्यांना सांगितला होता. पक्क्या शाईवरून फळ्याचं साधं पेन फिरवायचं, अक्षर न् अक्षर गिरवायचं आणि लगेच पुसायचं. दोन्ही शाया एकदम जातात. कुबराने सावकाश गिरवलं आणि डस्टर फिरवला. वाक्य गेलं. फक्त सुरुवातीचे दोन शब्द राहिले, 'माणसाचे कष्ट'.

"ते दोन राहिले की," बाई म्हणाल्या.

"मी गिरवलेच नाहीत, बाई. राहू देत. तेवढं त्या लेखकाचं खरं आहे."

यासीनभाई उठले. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी माझा कधीचा ढिला स्क्रू घट्ट आवळला आणि मला सरळ केलं. वर्षानुवर्षं मी वाकडाच टांगलेला होतो, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. लिहिण्याआधी हातातलं पेन एकदा बघा. आणि एखादं वाक्य नकोसं झालं, तर घासणी घेऊन धावू नका. ते आधी नीट गिरवा, मग पुसा.

मी आता सुखात आहे. सगळे त्या दोन शब्दांच्या खाली लिहितात. यासीनभाई शनिवारी मुलीला न्यायला येतात, तेव्हा आत येऊन माझा स्क्रू घट्ट आहे ना, ते बघतात. तो घट्टच असतो. तरी ते बघतात, आणि वरचे दोन शब्द वाचून मगच निघतात.