खांबाला टेकायची बारी

शिंदाळवाडीच्या चावडीपुढच्या मंडपाला चार खांब. त्यातले तीन आपापले उभे राहतात. चौथ्याला माणूस लागतो.

याची सुरुवात धुळाप्पांपासून झाली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी म्हातारा त्या खांबाला पाठ लावून सुपारी कातरत बसला होता. गिरणीवाल्या मुजीबनं सहज वर बघितलं, तर खांबाला तडा.

"काका, हलू नका," तो म्हणाला.

धुळाप्पा हलले नाहीत. सास्तूरच्या बाजूच्या गावांत 'हलू नका' म्हटल्यावर का म्हणून कुणी विचारत नाही. भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली, तरी पातेल्यावरचं झाकण थरथरलं की माणसं अजून अंगणात येतात. संध्याकाळपर्यंत धुळाप्पांची कंबर धरली. मग त्यांचा मुलगा खेटून बसला आणि म्हातारा अलगद बाजूला सरकला. त्याच्यानंतर तिसरा आला. खांब काही पडला नाही. म्हणजे उपाय लागू पडला होता.

मग गावानं शिस्त लावली. गावजेवण असो की ओढ्याचं काम, शिंदाळवाडीत हिशेब उंबऱ्यावर होतो. घरात माणसं किती ते कुणी विचारत नाही. खांबाचंही तसंच ठरलं, उंबऱ्यामागं एक पाठ, आळीपाळीनं. दुरुस्तीचा अर्ज तालुक्याला गेला होता आणि तिथं सुखात होता.

टेकलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. ज्याला जे ऐकवायचं ते त्याच्या बारीला येऊन ऐकवू लागले. बांधावरून अबोला धरलेले वीरप्पा आणि शिवप्पा हे सख्खे भाऊ. खांब एकमेकांच्या पाठीवरून घ्यायचा म्हटल्यावर बोलले. पहिला शब्द 'सरक' होता, पण बोलले. बारीवाल्याला एका घरातून चहा यायचा, दुसऱ्या घरातून धपाटं यायचं, आणि उठेपर्यंत त्याला गावातलं सगळं ठाऊक झालेलं असायचं.

शिवकांता हे लांबून बघायची. नवरा गेल्यावर उमरग्याच्या सासरचे तिला म्हणाले, तुला माहेर आहे की. माहेरचं गाव म्हणालं, हिला सासर आहे की. भाऊ उत्तरेश्वर मनानं बरा होता. परसात त्यानं तिला पत्र्याची खोली घालून दिली होती. चूल वेगळी, शेळी वेगळी. पण खोलीला चौकट नव्हती, पोत्याचा पडदा होता. उंबरा नाही म्हणून बारी नाही.

ती सरपंच शंभूअण्णांकडे गेली.

"अण्णा, माझी बारी कवा?"

"तू उत्तरेश्वरच्या उंबऱ्यात आलीस की."

"त्येच्या उंबऱ्यात माझी चूल न्हाय."

"आगं, लोक बारी चुकवायला बघत्यात आन् तू मागायलीस?"

"चुकवायला तरी असावी की अण्णा."

उत्तरेश्वर म्हणाला, "आक्का, माझीच बारी तू कर. माझी कंबर दुखायली."

"तुझ्या नावानं बसून तुझाच चहा पिऊ? ऱ्हाऊ दे."

तिनं बशीर सुताराला गाठलं आणि बाभळीचा उंबरा करून घेतला. दार नाही, चौकट नाही, नुसता उंबरा. पत्र्याच्या खोलीपुढं जमिनीत पक्का बसवला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन सांगितलं, "घ्या. आता मोजा."

चावडीवर गाव जमलं. त्या वेळी खांबाला हुसेनबी टेकली होती, बशीरची आई.

"दाराबिगर उंबरा कसला?" वीरप्पा म्हणाला.

"दार मागून येतंय," बशीर म्हणाला. "पाया घातला की तुम्ही घर म्हणताव का न्हाय?"

"मग उद्या म्या बी रानात धा उंबरं बसवतो."

"बसीव की. धा बाऱ्या कर," शिवकांता म्हणाली.

हे बोलून मिटणार नव्हतं. शंभूअण्णा म्हणाले, जाग्यावर जाऊन बघू. सगळे निघाले. परसात उंबऱ्याभोवती कोंडाळं झालं. कुणी पाय देऊन बघितला, कुणी वाकून रेषेत आहे का ते बघितलं. अण्णा तो ओलांडून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले आणि म्हणाले, "आत गेल्यावानी वाटतंय खरं."

"वाटणारच. माझ्या लेकाचं काम हाय," हुसेनबी म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं.

"खाला," मुजीब हळूच म्हणाला, "तुमी हितं. मग खांबाला कोण हाय?"

गाव पळत सुटलं. म्हातारी माणसं पळाली, वीरप्पा चप्पल टाकून पळाला. सगळ्यांच्या पुढं शिवकांता होती. तिनं जाऊन धाडकन खांबाला पाठ लावली आणि डोळे मिटून घेतले.

गाव धापा टाकत मंडपापुढं उभं राहिलं. खांब होता तसा होता. तडा होता तेवढाच होता. इतका वेळ कुणीही न टेकता तो उभा होता, हे लहान पोरालाही दिसत होतं. माणसं एकमेकांकडे बघायचं टाळू लागली. शिवप्पा भावाच्या खांद्यावर हात ठेवून दम घेत होता, तो हात त्यानं काढला नाही.

धुळाप्पा काठी टेकत सगळ्यांच्या मागून आले. त्यांनी मान तिरकी करून खांब न्याहाळला.

"जरा कललाय," ते म्हणाले.

"व्हय व्हय, कललाय," मुजीब म्हणाला.

"चांगलाच," वीरप्पा म्हणाला.

शंभूअण्णा शिवकांतापुढं उकिडवे बसले. "तू टेकलीयास. तूच सांग. काय लागतंय का पाठीला?"

तिच्या पाठीला सिमेंटचा गारवा लागत होता. बाकी काही नाही. गोठ्यातल्या मेढीला टेकावं तसंच. खरं बोलावं तर सगळे आत्ताच्या आत्ता मोकळे होऊन घरी जाणार होते. तीही जाणार होती, पत्र्याच्या खोलीत. गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"लई जड हाय अण्णा," शिवकांता म्हणाली. "एका पाठीचं काम न्हाय हे. हितनं पुढं दोन उंबरं मिळून बसवा."

"आता तुझ्या जोडीला कोण?" अण्णांनी विचारलं.

हुसेनबीनं पदर खोचला. "सरक," ती म्हणाली, आणि गुडघे धरत खाली बसली.