सोळाव्या पानावरची मुंगी

चाळीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण कामाला जायचं म्हणून पहाटेच अंघोळ उरकून दारात उभा राहिलोय असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. बगलेत माझं सोळा पानांचं पुस्तक होतं आणि खांद्याला ब्रश-रंगांची जुनी पिशवी.

"बाबा, बालवाडी नऊला उघडते," लेक म्हणाली. तिथली बाई तीच.

"मग सावकाश चालू," मी म्हणालो आणि चप्पल घातली.

पाट्या छापून मिळायला लागल्यापासून माझे ब्रश कोरडे पडले होते. रिकामपणी हे पुस्तक रंगवलं. एका हत्तीला पाटी रंगवायची असते आणि एकही शिडी त्याला पेलत नाही, एवढीच गोष्ट. प्रकाशनाच्या संपादकबाईंना ते आवडलं होतं, पण त्यांची रीत न्यारी. "माझ्या आवडीचं सोडा," त्या म्हणाल्या होत्या. "मी मुलांच्या मागे बसून बघते. शेवटच्या ओळीपर्यंत मुलं बसली, तर छापू. मधेच उठली, तर नाही." हे सगळं हसतमुखाने. त्याचाच मला जास्त राग आला होता.

चौदा मुलं सतरंजीवर बसली. संपादकबाई मागे एका बुटक्या खुर्चीवर, गुडघे पार हनुवटीशी. मी भिंतीला टेकून उभा. लेकीने पुस्तक उघडलं आणि सरळ वाचायचं सोडून खेळायलाच लागली.

"दोन बोटं काढा. ही आपली शिडी चढणार. चढा, चढा, चढा... शिडी कशी वाजते?"

"कर्रर्र."

"आणि हत्ती?"

"धप्प." चौदा बुडं एकदम सतरंजीवर आपटली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पान रंगवायला मला नऊ दिवस लागले होते, आणि त्याकडे कुणी बघेल तर शपथ. पण दुसऱ्या शिडीला मुलं चित्राला बोट लावून पायऱ्या मोजायला लागली. तिसऱ्या शिडीला तर ती मोडायच्या आधीच सगळ्यांनी श्वास रोखला. माझी दोन बोटं खिशातल्या खिशात कधी चढायला लागली, मलाच कळलं नाही.

चौथ्या पानावर दोन शेंड्यांची एक मुलगी पुढे सरकली. "इथे मुंगी आहे," ती म्हणाली.

मुंगी म्हणजे माझी सही. प्रत्येक पाटीवर, मोकळी जागा दिसेल तिथे, तांदळाएवढी मुंगी काढायची माझी जुनी सवय. पुस्तकातही हात आपसूक गेला होता. लेक चतुर. पुढच्या प्रत्येक पानावर आधी मुंगी शोधायची, मगच वाचायचं, असा तिने नियमच करून टाकला.

"मुंगी हत्तीला काय म्हणत असेल?" तिने विचारलं.

"जाड्या, उतर," मागून कुणीतरी बोललं आणि वर्गात हशा पिकला. संपादकबाईसुद्धा हसल्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

शेवटचं पान आलं. हत्ती जमिनीवर उभा राहून सोंडेनेच पाटी रंगवतो. आता एकच ओळ वाचायची राहिली होती.

"मुंगी कुठाय?" त्या दोन शेंड्यांनी विचारलं.

त्या पानावर मुंगी नव्हतीच. मुलगी उठली. तिच्यामागे सगळी बालवाडी उठली. कुणी सतरंजी उचलली, कुणी दप्तरं उलटी केली, एकाने माझी चप्पल झटकून पाहिली. सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं होतं.

"अरे, नाहीये ती तिथे," मी ओरडलो. "मी काढलीच नाही."

सगळे थबकले. "का?" शेंड्यांनी विचारलं.

मी खाली बसलो. "पाटी लावली की गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहून बघतं. ते 'पसंत' म्हणालं की मगच मी मुंगी काढतो. तोवर काम पुरं झालं असं मी म्हणत नाही. पुस्तकात बाकीच्या पानांवर हात आपसूक गेला, पण शेवटची मुंगी राखून ठेवली."

"गिऱ्हाईक कोण?"

मी संपादकबाईंकडे बोट केलं. त्या खुर्चीवर नव्हत्या. दोन्ही हात टेकून कपाटाखाली वाकून बघत होत्या. गुडघे झटकत त्या उभ्या राहिल्या.

"मी नाही हो," त्या म्हणाल्या. "हे चौदा जण."

"पण मुलं तर उठली," मी म्हणालो. खोटं बोलून पुस्तक खपवणं मला जमलं नसतं.

"मीपण उठलेच की."

लेकीने संधी सोडली नाही. "ज्यांना पसंत, त्यांनी हात वर." तेरा हात वर गेले. शेंड्या मात्र हाताची घडी घालून बसल्या.

"तुला का ग नाही?" मी विचारलं.

"ती सगळीकडे एकटीच असते."

चाळीस वर्षं, शेकडो पाट्या, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी पिशवीतून ब्रश काढला. एक मुंगी काढली. तिच्या शेजारी दुसरी काढली. मुलीने कागदाला नाक लावून दोघींना नीट पाहिलं.

"पसंत," ती म्हणाली.

लेकीने राहिलेली ओळ वाचली. तोवर संपादकबाईंनी वही उघडून छापखान्यासाठी पहिली सूचना लिहिली होती: पान सोळा, मुंग्या दोन.