घटाजवळची पुडी

उत्तमरावांनी वालाचे सातवे रोप खुरप्याने मातीसकट उचलले, बादलीतल्या पाण्यात हलकेच बुडविले आणि धुतलेली मुळे डोळ्यांजवळ धरली. मुळे पांढरी, बारीक आणि मोकळी होती. त्यांवर एकही गाठ नव्हती.

"काय डाक्टर, पेशंट बोलतो काय?" बांधावर उकिडव्या बसलेल्या कमळाकरने विचारले.

उत्तमराव डॉक्टर नव्हते. मुंबईतील एका शेतकी प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षे काचेची भांडी धुतली होती आणि निवृत्तीनंतर ते मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहावयास आले होते.

"अजून बघतोय," ते म्हणाले आणि आठव्या रोपाकडे वळले.

दीड वर्षापूर्वीच्या महापुरात खाडीचे पाणी राई गावातील या शेतात आठवडाभर साचून राहिले होते. वालाच्या मुळांवर गाठी करून त्याला अन्न पुरविणारे जिवाणू त्या खारात मरून गेले आणि गेल्या हिवाळ्यातला वाल पिवळा पडला. विकत मिळणाऱ्या पुडीतले जिवाणूही वाळता वाळता आतून करपत. उत्तमरावांच्या मनाने घेतले होते की, चिरलेले सफरचंद लिंबू चोळल्याने काळे पडत नाही, तद्वत आवळ्याचा अर्क या सूक्ष्म जीवांना करपू देणार नाही. प्रयोगशाळेतील साहेबांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली होती. म्हणून त्यांनी घरीच आवळ्याचा अर्क घालून जिवाणूंच्या दोन पुड्या सिद्ध केल्या. एक फ्रिजमध्ये ठेवली, दुसरी नवरात्राआधी कमळाकरला दिली.

कमळाकरने आपल्या मुलाकडून, विकीकडून, एवढे एकच वर्ष मागून घेतले होते. वाल धरला तर शेत राहील. न धरला तर शेजारच्या तीन शेतांप्रमाणे येथेही इमारतींसाठी मातीचा भराव पडेल.

आठवे रोपही तसेच निघाले.

कमळाकरची बायको शांताबाई किटलीतून चहा घेऊन आली. कपबशी त्यांच्या हाती देऊन तिने कनवटीची एक घडी काढली.

"ही तुमची पिशवी, भाऊ. बियान्याला चोलून झाल्यावर रिकामी झाली, पन देवाजवलची वस्तू फेकायची कशी?"

उत्तमरावांनी घडी उलगडली. प्लॅस्टिकवर हळदकुंकवाची बोटे होती. एका कडेला ते आक्रसून सुरकुतले होते आणि त्यावर तेलाचा डाग होता.

"ही कुठे ठेवली होती, वहिनी?"

"घटाजवल. नऊ दीस, अखंड दिव्याच्या उबेला. तुमी थंड जागी ठेवा बोल्लाव, पन आतमंदी जित्ता जीव हाय बोल्लाव ना? जित्त्या जीवाला थंडीत कोन ठेवतो?"

"बालंतिनीची खोलीच केलीन पुडीला," कमळाकर हसला. "मला बी पाया पडायला लावलान."

उत्तमराव हसले नाहीत. शांताबाईची नजर बादलीकाठी पडलेल्या आठ रोपांवरून त्यांच्या तोंडाकडे आली.

"माझा काय चुकला काय, भाऊ?"

त्यांनी पिशवीची घडी पुन्हा घातली. सुरकुतलेली कड आत गेली.

"नाही वहिनी. माझा आवळाच कामाला आला नाही."

कमळाकर बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडीत राहिला. मग त्याने खिशातून मोबाईल काढला.

"विकी, भरावाच्या गारीवाल्याला सांग. सोमवारपासना येऊ दे."

घरी त्यांच्या पत्नी सुचेताबाई गॅलरीत कपडे काढीत होत्या. तेथे कोपऱ्यात तेलाचा एक जुना डबा होता. त्याच शेतातील मातीत, फ्रिजमधली पुडी चोळून, कमळाकरने पेरले त्याच दिवशी उत्तमरावांनी वाल लावला होता. शेतातले पाहिल्याशिवाय डब्यातले उपसायचे नाही, असे त्यांनी ठरविले होते.

"काय झालं? पास की नापास?" सुचेताबाईंनी विचारले.

त्यांनी डब्याशी बसून एक रोप काढले आणि मगमधल्या पाण्यात धुतले. मुळांवर मण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. त्यांनी एक गाठ नखाने चिरली. आतून ती गुलाबी होती, जिवंत होती.

सुचेताबाई वाकल्या. "हे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग कळवा ना त्यांना. बिचारी शांताबाई मुद्दाम फोन नंबर लिहून देऊन गेली होती."

"कळवून काय सांगू?"

सुचेताबाई कपडे घेऊन आत गेल्या. उत्तमरावांनी ते रोप पुन्हा डब्यात लावले आणि त्याच्या मुळांवर माती दाबली. गुलाबी काही दिसेनासे होईपर्यंत ते ती दाबीत राहिले.