रुजवात घेणार

नायब तहसीलदारांनी यादीची घडी घातली, चहा मागवला, तरी हिरीबाई तांड्यात मांडलेल्या टेबलासमोर उभीच होती. घरजागेचे कागद वाटून झाले होते. तांड्यातल्या बाया आपापला कागद ओढणीच्या टोकाला बांधून निघाल्या होत्या. हिरीबाईच्या खांद्यावर बाभळीच्या चार खुंट्या होत्या, जागा मिळाली की लगेच ठोकायला म्हणून तासून आणलेल्या. ज्या बांधावर तिचं खोपट होतं, तो मालकानं दिवाळीआधी मोकळा करायला सांगितला होता.

"माह्यं नाव राह्यलं, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभान सरकटे म्हणजे रिसोडच्या कचेरीतला रुजवात कारकून. मूळ कागद आणि नक्कल ताडून पाहायची, खाली 'रुजवात घेणार' म्हणून सही ठोकायची, अठरा वर्षं हेच काम. त्यानं यादी उलगडली, वरपासून खालपर्यंत पाहिली. नाव नव्हतं. मूळ यादीत मात्र ते होतं. आठ दिवसांपूर्वी तांड्यात येऊन तसं सांगून गेलेला इंद्रभानच होता.

झालं होतं असं. मूळ यादी रिसोडला टाइप झाली. कागद वाचवायचा म्हणून नावं एकाखाली एक न घेता सलग घेतली. ती मंजुरीसाठी अकोल्याला गेली आणि तिथं पुन्हा टाइप होऊन रुजवातीला परत आली. आता इंद्रभानची एक खोड होती. अख्खी ओळ वाचत बसतो कोण? ओळीचा शेवटचा शब्द मूळ कागदाशी जुळला की ओळ बरोबर, चला पुढं. कचेरीत टाइपरायटर एकच, टाइप करणाराही एकच, ओळीखाली ओळ तशीच उतरायची. त्यामुळे हे इतकी वर्षं खपून गेलं, आणि इंद्रभानचा हात झटपट चालतो म्हणून वरून शाबासकीही मिळाली. पण अकोल्याचं मशीन रुंद. पहिलीच ओळ दोन नावं जास्त घेऊन मोडली, आणि तिथून पुढं एकाही ओळीचं शेपूट जुळेना. इंद्रभाननं बावीसच्या बावीस ओळींवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या आणि कागद हेडक्लार्क माणिकरावांपुढं नेऊन ठेवला. म्हणे, यादी सगळीच चुकली.

माणिकराव पोट धरून हसले. चार जणांना बोलावून तो कागद दाखवला. अरे बाबा, मशीन मोठी आहे, ओळ कुठंही तुटेल, नावं तर तीच आहेत ना, असं म्हणाले. इंद्रभानचे कान तापले. आता तरी एकेक नाव वाचायला बसायचं होतं. पण ज्याचं हसं झालंय तो कशाला बसतो? त्यानं रबरानं सगळ्या खुणा खोडल्या आणि रागारागात सही ठोकली. अकोल्याच्या टाइप करणाऱ्याची नजर एका राठोडवरून पुढच्या राठोडवर घसरली होती आणि मधली हिरीबाई गळली होती. बावीस चुकांत तेवढी एक खरी होती.

"वरूनच कटलं असन, बाई," इंद्रभान म्हणाला. साहेबांसमोर तोंडातून दुसरं निघालंच नाही.

"तुमी पायलं व्हतं ना?" हिरीबाई म्हणाली. "मंग माह्यंच काई चुकलं असन."

ती खुंट्या सावरत निघून गेली. इंद्रभानला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. राशनच्या यादीतून त्याच्या बापाचं नाव असंच एकदा गळलं होतं, आणि लिहिणाऱ्यानं असंच वरच्याकडे बोट दाखवलं होतं. बौद्ध वस्तीतला पहिला नोकरदार म्हणून इंद्रभान ती गोष्ट किती जणांना दात ओठ खाऊन सांगायचा! आज त्या लिहिणाऱ्याच्या जागी तो बसला होता, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कुणाला तोंड दाखवू नये अशी.

तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला आणि चूक आपली आहे म्हणून सांगितलं. साहेब चहा पीत म्हणाले, जेवढी नावं तेवढेच प्लॉट पडले, ते वाटूनही झाले. नवा प्रस्ताव पाठवा, साल दोन साल लागतील. तुमचा खुलासा उद्या लेखी द्या. जीप निघाली. इंद्रभान तिच्यात बसला नाही.

हिरीबाई बांधावर खोपटापुढं बसली होती.

"वरून नाई कटलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "तुमचं नाव मंजूर व्हतं. मीच न वाचता सही केली."

तिनं खुंट्या बाजूला सारल्या. मग तिनं विचारलं, नवी यादी आली तर पाहणार कोण? इंद्रभान म्हणाला, मीच.

"मंग बोट ठेवून वाचजा, साहेब. एकेक नाव."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. तो तिथंच मातीत बसला, खिशातून यादी काढली, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचू लागला. हिरीबाई समोर बसून ऐकत राहिली, आपलं नाव नसलेली ती यादी, शेवटच्या नावापर्यंत.