हरेश मास्तरांची हरकत

जासईच्या हरेश मास्तरांनी बत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं गावाला 'देव नाही' हे शिकवायचा प्रयत्न केला. पोरं पास झाली, गाव नापास. मास्तरांचा सगळ्यात ढ विद्यार्थी म्हणजे नामाशेठ. गावदेवीच्या कमिटीचा अध्यक्ष, गावाशेजारच्या कंटेनर यार्डाला ट्रेलर पुरवणारा, आणि भक्तीत तालुक्यात कुणाला हार न जाणारा. रोज सकाळी वडाखालच्या देवीसमोर दोघांची जुंपायची.

"देवी स्वतःचं रक्षन करत नाय, तिच्या दानपेटीला कुलूप लावता. ती तुमचं काय रक्षन करनार?" मास्तर विचारायचे.

"तुज्या डोक्यात येवढा उजेड हाय, मंग चष्मा कशाला लावतोस?" नामाशेठ म्हणायचे.

गेल्या वर्षी यार्डाला मोठा रस्ता हवा झाला. आखणीत वड आला, वडाखालची देवीही आली. त्याबदल्यात डोंगराच्या बाजूला संगमरवरी देऊळ बांधून देतो, वर एसी बसवून देतो, असं यार्डवाल्यांनी सांगितलं. उकाड्याची तक्रार देवीनं कधी केली नव्हती. पण तिला विचारायला तर हवं, म्हणून नामाशेठनी कौल लावला. पहिला डावा पडला, म्हणजे नकार. दुसराही डावा.

"देवी अजून झोपेत हाय," असं म्हणून त्यांनी तिसरा लावला. तो उजवा पडला. देवी जायला तयार झाली आणि कमिटीनं टाळ्या वाजवल्या.

मास्तरांच्या बायकोनं, विमलबाईंनी, टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या घरी येऊन ओट्यावर बसून राहिल्या.

"त्यो वड तोडतील," त्या म्हणाल्या. "माजी सासू, तिची सासू, सगल्या तिथं जाऊन रडल्यात. घरात रडायला जागा कुठं व्हती?"

"मग सांग की तुज्या देवीला," मास्तर सवयीनं म्हणाले.

"तिला सांगून झालं. आता तुमाला सांगते."

मास्तर दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत रस्त्यावर हरकत नोंदवायला गेले. अर्जात तीनच रकाने होते: जमीनमालक, भाडेकरू, भाविक. 'विज्ञान शिक्षक' असं लिहिलं तर चालेल का, हे मास्तरांनी विचारून पाहिलं. चालणार नव्हतं. शेवटी, नाइलाजानं, त्यांनी भाविकापुढे बरोबरची खूण केली आणि ती कुणाला दिसायच्या आत अर्जाची घडी घातली.

सुनावणीला प्रियदर्शिनी मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. आधी नामाशेठ उठले.

"मॅडम, देवी चराचरात असते. एका दगडाला चिकटून बसायला ती काय गोचीड हाय?"

मास्तर दचकले. वाक्य त्यांचंच होतं, गोचीडासकट. वीस वर्षांपूर्वी या वाक्यावरून नामाशेठ त्यांच्या अंगावर धावून गेले होते.

"देवी तिथंच हाय," मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ऐकून स्वतःच गडबडले. "म्हणजे... चार पिढ्यांच्या बाया जिथं मन मोकळं करत आल्या, ती जागा उचलून दुसरीकडं ठेवता येत नाय. आनि पहिले दोन कौल डावे पडले, हे शेठनी सांगितलं काय तुमाला?"

"पन तू तर कौल मानतच नाय!" नामाशेठ ओरडले.

"मी नाय मानत. तू मानतोस ना? मग दोनदा का नाय मानलास?"

नामाशेठनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा निघाला. मॅडमनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं.

"एक मिनिट. तुमच्यापैकी नास्तिक नक्की कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आठवड्यानं मॅडम जागा पाहायला आल्या. विमलबाई आणि गावातल्या पन्नासेक बाया वडाखाली ठाण मांडून बसल्या होत्या. मॅडमनी मोजमापाची टेप लावून घेतली. यार्डाची भिंत वीस फूट मागे घेतली तर रस्ताही होत होता आणि वडही राहत होता. एवढं साधं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं, कारण सगळे कौल घेण्यात गुंतले होते.

वड राहिला. नामाशेठनी 'देवीने मॅडमना सुबुद्धी दिली' असा बॅनर लावला. त्यावर देवी नखाएवढी आणि शेठ पुरुषभर उंच होते. मास्तर भेटेल त्याला सांगत सुटले, "देवीनं नाय, टेपनं केलं." ऐकणारे मान डोलवायचे आणि त्यांच्या पाया पडायचे. 'देवीच्या बाजूनं उभा राहिलेला एकच गडी' अशी त्यांची ख्याती झाली. खुलासा केला की ती आणखी वाढायची.

एका सकाळी म्हाताऱ्या चांगुणाबाईंनी त्यांना रस्त्यात गाठून कपाळाला शेंदूर फासला. मास्तरांनी रुमाल काढला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. रुमाल त्यांनी परत खिशात ठेवला आणि तसेच, मान खाली घालून, घरी आले.

विमलबाईंनी कपाळाकडे पाहिलं, हसू दाबलं आणि ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. मास्तर दोन घास जास्तच जेवले, आणि त्या दिवशी देव आहे की नाही, यावर घरात कुणी काही बोललं नाही.