एका पावसाचं फूल

कातळाच्या खळग्यात तो पांढरा ठिपका हलला—नाही, वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा होता तो... प्राजक्ताने तो पिशवीत टाकला आणि फूल शोधत पुन्हा वाकली. ओला जांभा, शेवाळ, बोटभर गवत. गेल्या चतुर्थीलाही ती अशीच आली होती. पण त्या उन्हाळ्यात कुणीतरी वाटेसाठी मशीन लावून अर्धा सडा, हे कातळाचं पठार, खरवडला होता, आणि ते फूल कुठेच उगवलं नव्हतं. गणपतीवर टांगलेली माटोळी, ती लाकडी चौकट, रानफळांनी भरली, तरी सासरे सारखे चौकटीच्या एका कोपऱ्याकडे पाहत होते. सासूबाई तिथे या फुलांची जुडी बांधायच्या. त्या गेल्यानंतरची ती पहिली चतुर्थी.

आज सासरे, गोकुळदास, न बोलावता स्कूटरवर मागे येऊन बसले. सर्वणच्या घरून इथपर्यंत एक शब्द नाही. आता सड्याच्या कडेला छत्री टेकून बसलेत—घरातही असेच, जेवले की ताट उचलून बाहेर... गेलेल्या बाईच्या पाटावर आपल्याला बसवलंय, असं तिला वाटायचं. म्हणून तर तुयेला भाड्याने घेतलेली खोली. कारखान्याजवळ; नवरा स्वप्नील आणि ती, दोघांच्याही तिथे कामाच्या पाळ्या, रोजची धावपळ वाचेल. चतुर्थी झाली की जायचं ठरलं होतं. सासऱ्यांना सांगायचं कुणी, एवढंच ठरत नव्हतं. मी सांगेन, आज, परतताना...

आणि मग दिसलं. न खरवडलेल्या बाजूला, पाणी धरून राहिलेल्या चिरेत, नखाएवढं, पांढऱ्यावर जांभळी रेघ. शेजारी आणखी एक. पलीकडे दोन-तीन. सासूबाई म्हणायच्या, हे एकाच पावसाचं झाड. उगवतं, फुलतं, बी टाकून मरतं. म्हणजे गेलं वर्षभर बी इथेच होतं, उन्हात, या मूठभर मातीत... आपण मात्र सगळं संपलं म्हणून घरी गेलो होतो.

तिने हात पुढे केला. देठ इतका बारीक की बोटांना कळलाही नाही. हात तसाच राहिला.

“आसात गो, बाये?” सड्याच्या कडेवरून सासऱ्यांची हाक आली.

नाहीत म्हणणं सोपं होतं.

“आसात, बाबा. पण थोडीच. काडूंया नाका.” तोडायची नाहीत, असं ठरवून तिने हात मागे घेतला.

मग छत्री टेकत ते कातळावरून येऊ लागले. ती धावत गेली, त्यांचा दंड धरला. चिरेजवळ ते कष्टाने गुडघ्यावर बसले आणि फुलांकडे बघत राहिले.

“माटोळीक मगीर कितें?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तो कोपरो रितोच दवरूंया,” ती म्हणाली. “बी पडूं दी. फुडल्या वर्सा येवंया आमी.”

आमी... शब्द तोंडातून गेला आणि ती दचकली. तुयेची खोली, भरलेली बॅग, ठरलेलं सगळं तसंच होतं. सांगायचं तेही राहिलंच होतं. सांगावं लागेलच. पण ते सांगताना आता आपण त्यांच्याकडे पाठ फिरवून उभ्या नसू, असं काहीसं तिला वाटलं—नीट कळलं नाही. सासऱ्यांचा हात तिच्या मनगटावर होता, उठण्यासाठी धरलेला. उठायची मात्र त्यांना घाई नव्हती, आणि तिलाही नव्हती.