पेपरमिंटचा डबा आणि मारिटचं नाक

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचे आलेला म्हणा, पण रिकामा म्हणू नका! मी एक पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या पोटात कायम पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या असतात. माझा जन्म हॉलंडमधल्या एका कारखान्यातला. झाकणावर निळं जहाज आहे, त्याचं एक शीड आता खरवडून गेलंय. वेल्डकाम्प बाईंच्या आईने मला कोटाच्या खिशात घालून समुद्र ओलांडला आणि मी अमेरिकेत, आयोवातल्या या मक्याच्या गावात आलो.

इथे चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकावरून पेपरमिंट पुढे सरकवायची रीत आहे. बाई ख्रिस्ती शाळेत चौथीला शिकवू लागल्या, तेव्हा ती रीतही माझ्यासकट शाळेत आली. उपासनेच्या वेळी मी या हातातून त्या हातात जायचो. गोळी विरघळेपर्यंत अख्खी रांग चिडीचूप! मुख्याध्यापक म्हणायचे, "हा डबा माझ्यापेक्षा चांगली शिस्त लावतो." काय फुगलो होतो मी तेव्हा!

मग करोनाची साथ आली. शाळेला कुलूप लागलं आणि मी टेबलाच्या खणात पडून राहिलो. मुलांचा आवाज नसलेली शाळा किती भयाण असते, ते मला विचारा.

उन्हाळा संपताना शाळा उघडली. बाकं लांब लांब, तोंडावर मास्क, आणि स्तोत्रं गायची नाहीत, नुसती गुणगुणायची. माझं हातोहात फिरणं बंद झालं. मुलं घरी निघाली की बाई साखरेचे खडे उचलायच्या चिमट्याने एकेकाच्या तळहातावर गोळी टाकायच्या. वर्गात एकाला जरी लागण झाली तरी सगळा वर्ग घरी, असा नियम होता. म्हणून सकाळच्या प्रार्थनेत सगळे एकच मागायचे: शाळा उघडी राहू दे.

सगळ्यात मोठा आवाज मारिट बूर्समाचा. शाळा बंद असताना आई-बाबा दिवसभर कामात आणि ही एकटी शेतावरच्या डुकरांशी गप्पा मारत बसलेली. "ती ऐकतात छान," ती सांगायची, "पण उत्तर देत नाहीत ना!"

एके दिवशी माझं झाकण उघडायची पाळी तिची होती. बाकीचे बाहेर दप्तरं घेत होते. तिने मास्क खाली ओढून नाक खुपसलं.

"बाईंनी शिळ्या गोळ्या आणल्यात वाटतं. वासच नाही."

दारातून तिचा शेजारी डर्क ओरडला, "काहीही काय! इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

तिने पुन्हा हुंगलं. मी जीव तोडून दरवळलो, मित्रांनो! पण नाही. तिने घाईघाईने झाकण लावून टाकलं.

डर्कच्याही लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "कोणाला बोलू नकोस हं. सगळे रोज प्रार्थना करतायत आणि तू एकटी शाळा बंद पाडणार?"

"आणि बाईंचे मिस्टर? ते ऑक्सिजन लावून झोपतात."

"अगं, सर्दी असेल तुला."

तेवढ्यात बाई चिमटा घेऊन आत आल्या. मारिटने मास्क वर ओढला आणि ती खिडकीला जाऊन चिकटली.

"बाई, पुढे येऊ नका! तिथेच थांबा. मला वास येत नाहीये."

बाई जागच्या जागी थांबल्या. चिमटा तसाच हवेत. मग म्हणाल्या, "बरं झालं बोललीस, बाळा. डबा तूच घेऊन जा. रोज उघडून बघ. वास आला की पहिला फोन मला."

वर्ग घरी गेला. मारिटच्या आईला फोन आले, "तुमच्या पोरीमुळे!" म्हणणारे. ते ऐकून मारिटने उशीत तोंड खुपसलं.

आता मी तिच्या खिडकीत असतो. ती रोज सकाळी झाकण उघडते, डोळे मिटते, हुंगते. मित्रांनो, "माझ्याजवळ येऊ नका" असं कुणी म्हणालं, तर त्याला बोल लावू नका. ते म्हणताना आपण एकटे पडणार, हे त्याला ठाऊक असतं. तुम्ही निदान कुंपणापर्यंत तरी जा.

डर्क येतो. पलीकडच्या शेतातून गळा फाडून ओरडतो, "बाईंच्या घरी अजून सगळे बरे आहेत! तुला आला का गं वास?"

"नाही!"

"मग उद्या परत विचारतो!"

मारिट माझं झाकण घट्ट लावते. उद्यासाठी मी माझा वास आत जपून ठेवतो.